वाचलेला वेळ

कोणत्याही कचेरींत, कारखान्यांत किंवा विद्यालयांत एखादी नवी व्यवस्था सुरू व्हावयाची असली, म्हणजे तिच्या आधीं एक कागद येतो, आणि त्या कागदावर 'सोय' हा शब्द असावयाचाच. नवें यंत्र आपल्या सोयीसाठीं, नवी हजेरी आपल्या सोयीसाठीं, आणि जेवणाची सुट्टी दहा मिनिटांनीं कमी झाली असली तर तीही आपल्याच सोयीसाठीं. आम्हीं आजवर असे पुष्कळ कागद वाचले. परंतु 'ही व्यवस्था आमच्या सोयीची असून तुम्हांस तिचा थोडा त्रास होईल' असें सरळ लिहिलेला कागद कांहीं आमच्या पाहण्यांत आला नाहीं. इतकी परोपकारबुद्धि एरव्हीं साधुसंतांतच आढळावयाची! असो. ज्याची सोय व्हावयाची त्या माणसाची झोप, भूक, पाठ आणि मन यांचें पुढें काय झालें, हें विचारणारा दुसरा कागद मात्र मागाहून येत नसे. अलीकडे तोही येऊं लागला आहे; त्याविषयीं पुढें सांगूं.

आम्ही राहतों बेगडेवाडीस. पुण्याहून लोणावळ्यास जाणाऱ्या लोकलगाडीचें हें एक लहानसें स्टेशन. देहूरोड मागें पडलें आणि घोरावाडी अजून यावयाची आहे, एवढ्यांत तें येतें आणि जातें. जवळच घोराडेश्वराचा डोंगर आहे. त्याच्या पोटांत जुनीं बौद्ध लेणीं आणि पायथ्याशीं मुंबईचा जुना रस्ता. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनीं भटकूं नये, एका जागीं स्वस्थ राहावें, असा बुद्धाच्या संघाचा नियम होता. श्रावणांत या डोंगरावर जो वारा सुटतो तो एकदां अंगावर घेतला, म्हणजे त्या नियमकर्त्यांच्या व्यवहारज्ञानाविषयीं आदर वाटूं लागतो. १९७८ सालीं ही लोकल सुरू झाली आणि या पट्ट्यांतलीं माणसें तिच्या वेळापत्रकावर उठूं-बसूं लागलीं. सकाळच्या गाडींत गणवेश घातलेले कामगार असतात. पाठीवर काळी पिशवी अडकवलेलीं तरुण मुलें-मुली असतात, आणि त्या पिशवींत त्यांची सगळी कचेरी असते. शिवाय आमच्यासारखे एकदोन प्राध्यापक. पूर्वीं गाडींतलें बोलणें पाऊस, भाव आणि लग्नें यांवर चाले. हल्लीं निम्मी गाडी आपापल्या कामावर आलेल्या नव्या वस्तूविषयीं बोलत असते, आणि त्या बोलण्यांत एक विलक्षण वाक्य आम्हांस वारंवार ऐकूं येतें: "त्रास कमी झाला, पण दमायला जास्त होतं."

तर्कशास्त्राच्या अध्यापकापुढें हें वाक्य ठेवलें तर तो त्याला वदतोव्याघात म्हणून बाजूस सारील. पण वाक्य खरें आहे, आणि त्याचें वयही थोडेंथोडकें नाहीं. तें शोधीत मागें गेलें तर आपण मुंबईच्या गिरण्यांत, १९०५ सालाशीं, येऊन ठेपतों.

त्यापूर्वीं गिरणी बहुतेक सूर्याच्या घड्याळावर चालत असे. उजाडलें कीं काम सुरू, अंधारलें कीं बंद. उन्हाळ्यांत दिवस मोठा म्हणून राबणेंही मोठें. हिवाळ्यांत तेवढीच उसंत. हें कांहीं सुखाचें जिणें नव्हतें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, सभा भरविल्या, अर्ज केले, तेव्हां कोठें १० जून १८९० पासून गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. परंतु रोजच्या श्रमांना एक मर्यादा होती आणि ती कोणा सरकारनें घातलेली नसून आकाशानें घातलेली होती. संध्याकाळ झाली म्हणजे मालकाचाही इलाज चालत नसे. १९०५ च्या सुमारास पुष्कळ गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि ही मर्यादा एका रात्रींत नाहींशी झाली. दिवा ही केवढी सुधारणा! तेलाच्या दिव्याचा धूर नाहीं, कापसाला आग लागण्याचें भय कमी, डोळ्यांस प्रकाश भरपूर. एखाद्या प्रदर्शनांत मांडावी अशी ही वस्तु. पण तिच्या उजेडांत कामाचा दिवस चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तासांपर्यंत लांबला. कामगार चिडले, संप झाले. मग १९०६ सालीं चौकशी-समिति बसली, १९०७ सालीं कमिशन बसलें, आणि १९११ सालच्या कायद्यानें कापडगिरणींतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. दिवा लागण्यास एक बटण दाबावें लागलें. त्या दिव्यास लगाम घालण्यास सहा वर्षें लागलीं.

त्याच १९०५ सालीं पुण्यांत विलायती कापडाची होळी झाली होती. आमच्या पणजोबांच्या पिढीनें स्वदेशीची शपथ घेतली आणि मुंबईच्या धोतरजोडीस मोठी मागणी आली. ती शपथ थोर होती यांत संशय नाहीं. परंतु तें धोतर रात्रीं कोणत्या दिव्याखालीं आणि कितव्या तासाला विणलें गेलें, हें विचारण्याची सवय आपल्या सुशिक्षित वर्गास तेव्हां नव्हती. आज घरपोंच वस्तु दहा मिनिटांत मागवितांना ती आपणांस लागली आहे, असें आम्हांस तरी वाटत नाहीं.

या कहाणींत आमच्या मावळाचाही भाग आहे. लोणावळ्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस वळवण, शिरवता आणि लोणावळा येथल्या तलावांत अडवून तें पाणी टाटांनीं खोपोलीस घाटाखालीं सोडलें आणि १९१५ सालीं तेथली वीज मुंबईस गेली. मुंबईच्या गिरण्या मावळच्या पावसावर चालूं लागल्या असें म्हटलें तरी चालेल. पुढें मुळशीस धरण बांधण्याची वेळ आली, तेव्हां जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनीं १९२१ पासून सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह केला. धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं. दूरच्या माणसाच्या सोयीची किंमत जवळच्या माणसानें देण्याची ही रीत मावळाला चांगलीच परिचयाची आहे.

परंतु एवढ्यावरून आम्ही विजेचे शत्रु आहों असें कोणी समजूं नये. ज्या विजेनें मुंबईच्या विणकराची संध्याकाळ नेली, तिनेंच आमच्या बोरघाटांतल्या आगगाडीच्या माणसाला श्वास घेऊं दिला. १८६३ सालीं हा घाट गाडीला खुला झाला, तेव्हांपासून सदतीस फुटांस एक फूट अशी ती उभी चढण वाफेचीं इंजिनें चढत. इंजिनावर कोळसा लोटणाऱ्या माणसाच्या पुढें भट्टी, मागें कोळसा, आणि बोगद्यांमागून बोगदे येत तेव्हां धूर बाहेर जावयाचा तो त्याच्याच छातींतून. १९२९-३० च्या सुमारास कल्याणपासून पुण्यापर्यंत विजेच्या तारा आल्या, १ जून १९३० रोजीं 'दख्खनची राणी' धांवूं लागली, आणि घाटांतलें तें नित्याचें लंकादहन हळूहळू संपलें. आगगाडी-कंपनीनें हा खटाटोप कोळसेवाल्याच्या छातीसाठीं केला होता काय? मुळींच नाहीं. तिला घाटांतून अधिक गाड्या न्यावयाच्या होत्या आणि खर्च वांचवावयाचा होता. तरीही माणसाचें कल्याण झालें, कारण धूर गेला तो कोणालाच परत वापरतां येण्याजोगा नव्हता! कामगाराच्या डोक्यावरचा धूर कमी केला तर तो धूर मालकाच्या हिशेबांत जमा होत नाहीं. वेळेचें तसें नाहीं. वेळ वाचला कीं तो कोणाच्या तरी खात्यांत जमा व्हावयाचाच. प्रश्न एवढाच कीं कोणाच्या.

हा प्रश्न मुंबईच्या विणकरांनीं १९२८ सालीं फार स्पष्टपणें विचारला. गिरणीवाल्यांनीं 'कार्यक्षमते'ची योजना काढली होती. जो विणकर दोन माग संभाळी त्यानें तीन संभाळावे, कांतणाऱ्यानें एका बाजूऐवजीं दोन बाजू पाहाव्या. यंत्रें सुधारलीं आहेत, सूत तुटत नाहीं, तेव्हां एका माणसास तीन माग जड नाहींत, असा युक्तिवाद. विणकरांनीं विचारलें तें असें: तिसऱ्या मागावर जो माणूस होता तो कोठें जाणार, आणि त्याच्या मजुरींतलें माझ्या वांट्यास काय येणार? एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, सहा महिने, गिरण्या बंद राहिल्या. त्या संपाच्या पुढाऱ्यांविषयीं कोणाचें कांहींही मत असो. प्रश्न मात्र आजही तसाच उभा आहे.

त्याच संपांत आणखी एक गोष्ट चव्हाट्यावर आली, आणि ती आम्हांस अधिक बोधक वाटते. मागाच्या धोट्यांतली कांडी संपली म्हणजे नवी घालून तिचें सूत धोट्याच्या भोकांतून तोंडानें ओढून घ्यावें लागे. दिवसांतून असंख्य वेळां. एकाच धोट्यास अनेकांचीं तोंडें लागत. क्षयासारख्या रोगाला याहून सरळ वाट कोणती हवी? पण या तोंडानें ओढण्याचा उपयोग दुसऱ्याच कामीं करण्यांत आला. सुतास थुंकी लागते, म्हणून अस्पृश्य कामगारास विणकाम खात्यांत घ्यावयाचें नाहीं, असें स्पृश्य विणकरांनीं ठरविलें होतें. आणि विणकाम हें तर चांगल्या मिळकतीचें खातें. डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें रोखठोक मांडला. आतां गंमत पाहा. तोंड न लावतां सूत ओंवतां येईल असे धोटे जगांत निघालेले होते. अमेरिकेंतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानें १९११ सालींच तोंडानें ओढण्याच्या धोट्यास कायद्यानें बंदी केली होती. म्हणजे एका लहानशा लांकडी वस्तूंत फरक केला असतां रोगाची वाट बुजली असती आणि सोंवळ्याची सबबही उरली नसती. तिसरा माग मात्र निकडीचा ठरला. कोणती सुधारणा आणावयाची आणि कोणती आणावयाची नाहीं, हें यंत्रशास्त्र ठरवीत नाहीं एवढें यावरून दिसतें.

दिव्यांचा विषय निघालाच आहे, तर शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यांतल्या प्रयोगांचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाहीं. १९२४ पासून तेथें कामगारांवरचा उजेड कमीजास्त करून काम किती होतें तें पाहूं लागले. उजेड वाढविला, काम वाढलें; उजेड कमी केला, तरी काम वाढलें! पुढें विसांव्याच्या सुट्ट्या, कमी तास, असे अनेक फेरफार करून पाहिले. त्यावरून निघालेल्या सिद्धान्तांवर नंतरच्या पंडितांनीं पुष्कळ आक्षेप घेतले आहेत, आणि ते वाजवीही असतील. परंतु कामगारास 'तुला कसें वाटतें' असें विचारून त्याचें उत्तर लिहून घेण्याची चाल तेथून रूढ झाली, हें मात्र खरें. दिवा मुंबईसही लागला आणि शिकागोसही. एके ठिकाणीं तास मोजले, दुसरीकडे माणूस मोजला.

आतां आपल्या पट्ट्याकडे परत येऊं. आमच्या इमारतींत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. मूळचे साताऱ्याकडले, मोटारींच्या एका कारखान्यांत जोडणीच्या लाइनवर त्यांस वीस वर्षें झालीं. कारखान्याचें नांव आम्ही लिहीत नाहीं, आणि त्यांचेंही नाहीं. रंगाचे फवारे मारण्याचें आणि पत्रे सांधण्याचें काम तेथें आतां यंत्राचे हात करतात. त्या कामांतल्या वाफा आणि ठिणग्या त्यांनीं तरुणपणीं सोसल्या आहेत, आणि त्या गेल्याबद्दल ते यंत्राचे उपकार मानतात. त्यांची स्वतःची जागा पुढें, जेथें अजून माणसाचीं बोटें लागतात. दर दीड मिनिटास एक गाडी समोर येते, आणि तेवढ्या अवधींत ठरलेले बोल्ट घट्ट करावयाचे असतात. बोल्टांची पेटी गुडघ्याइतक्या उंचीवर, पाठीमागें. म्हणजे एका पाळींत तीनएकशें वेळां वळावयाचें आणि वांकावयाचें.

या कारखान्यांतून 'कायझेन' हा जपानी शब्द आतां घरोघर गेला आहे. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरांतले डबे हलवितात त्यालाही तोच शब्द वापरूं लागल्या आहेत. कामगारानें आपल्या कामांत लहानशी सुधारणा सुचवावी, ती पटली तर अमलांत यावी आणि त्यास शाबासकी मिळावी, अशी ती पद्धति. आमच्या शेजाऱ्यांनीं एक तिरपी मांडणी सुचविली. पेटी कमरेच्या उंचीवर, समोर, हाताशीं. साधी गोष्ट, वीस वर्षें वांकणाऱ्या माणसासच ती सुचावयाची. सूचना मंजूर झाली, पांचशें रुपये मिळाले, प्रशस्तिपत्र मिळालें. तें चौकटींत घालून त्यांनीं गणपतीच्या तसबिरीशेजारीं लावलें आहे. पाठीचें दुखणें दोन महिन्यांत निम्म्यावर आलें. वहिनी सांगत होत्या, "रात्री कूस बदलताना आता कण्हत नाहीत."

पुढें एके दिवशीं एक तरुण इंजिनिअर हातांत घड्याळ घेऊन त्यांच्या जागेपाशीं उभा राहिला. मुलगा सभ्य होता. 'काका' म्हणूनच बोलत होता. त्यानें मोजून पाहिलें तों वांकणें गेल्यामुळें दर गाडीमागें चार सेकंद वाचत होते. चार सेकंदांत काय होतें? वाचकांनीं घोटभर पाणी पिऊन पाहावें. पण तीनशें गाड्यांचे चार-चार सेकंद मिळविले म्हणजे पाळींत वीस मिनिटें होतात. महिन्याभरानें शेजारच्या जागेवरचें एक काम त्यांच्या जागेस जोडण्यांत आलें. आणि अशाच चार-सहा जागांवरच्या शिलकी गोळा करून एक माणूस तेथून हलविण्यांत आला. तो कंत्राटी होता. "कुठे गेला?" आम्हीं विचारलें. "काय माहीत, सर. आपल्याशी बोलायला वेळ होता त्याला तेव्हा. आता आपल्याला नाही." मग थोडें थांबून म्हणाले, "पाठ वाचली. पण मधला दम गेला."

मधला दम! आम्हीं अर्थशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ चाळले आहेत. श्रमाच्या मोजमापांत या वस्तूस कोणी नांव दिल्याचें आम्हांस आढळलें नाहीं. वांकणें हा त्रास होता, आणि वांकण्यासाठीं वळतांना क्षणभर गाडीवरून दृष्टि निघे, तो विसांवा होता. दोन्ही एकाच हालचालींत गुंतलेलीं. त्रास काढला, त्याबरोबर विसांवाही निघून गेला. लोकलमधलें तें विलक्षण वाक्य येथें उलगडतें.

याची दुसरी बाजू एका सेवानिवृत्त अभियंत्यांनीं गाडींतच आमच्यापुढें मांडली, आणि ती टाळतां येण्याजोगी नाहीं. ते म्हणाले, तुम्ही चार सेकंदांविषयीं हळहळतां. पण ते चार सेकंद आम्हीं घेतले नाहींत तर दुसरा कारखाना घेतो आणि आपली गाडी महाग पडते. तळेगांवास जनरल मोटर्सचा कारखाना २००८ सालीं मोठ्या थाटानें सुरू झाला, आणि डिसेंबर २०२० मध्यें तेथें गाड्या बनविणें बंद झालें. मधला दम राहिला आणि कारखानाच गेला, तर तो दम कोठें घ्यावयाचा? प्रश्न बिनतोड आहे. आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें कीं, वीसांपैकीं पांच मिनिटें त्या माणसाकडे ठेवलीं असतीं तर गाडी कितीशी महाग पडली असती? ते हिशेबी गृहस्थ आहेत, आकुर्डीपासून खडकीपर्यंत त्यांनीं मनांत आंकडेमोड केली आणि उतरतांना म्हणाले, "फारशी नाही. पण ती पाच ठेवायची असं कागदावर लिहिणार कोण?"

जपानांत टोयोटाच्या कारखान्यांत लाइनशेजारीं एक दोरी असते असें सांगतात. कोणाही कामगारास कांहीं बिघडलेलें दिसलें तर त्यानें ती ओढावी आणि काम थांबवावें. दोरी आमच्या शेजाऱ्यांच्याही कारखान्यांत आली आहे. परंतु कोणी किती वेळां ओढली याचा तक्ता भिंतीवर लागतो, आणि त्या तक्त्यांत आपलें नांव वर नसावें अशी सर्वांची खटपट असते. वस्तु आली, तिच्याबरोबर यावयाचा अधिकार वाटेंत कोठें तरी राहिला.

आमचा स्वतःचा धंदा या बाबतींत मागें आहे असें नाहीं. आम्ही ज्या विद्यालयांत शिकवितों तेथें कांहीं वर्षांपूर्वीं अंगठ्याची हजेरी आली. तीस वर्षें खडू धरल्यामुळें म्हणा किंवा वयोमानानें म्हणा, आमच्या अंगठ्यावरच्या रेषा त्या यंत्रास ओळखूं येत नाहींत. रोज सकाळीं आम्ही त्याच्यापुढें अंगठा पुसतों, फुंकतों, पुन्हा टेंकवितों. यंत्र नकार देतें. मागें रांग वाढते. शेवटीं शिपाई आमच्या नांवापुढें हातानें खूण करतो, आणि ज्या वहीची सोय म्हणून हें यंत्र आलें तीच वही पुन्हा उघडली जाते. हा विनोद झाला. रात्रीं अकरा वाजतां भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सूचना मात्र विनोदी नसतात. पूर्वीं सूचना सकाळीं फिरे. तीवर सही केली कीं आपण मोकळे. आतां ती उशाशीं येते, आणि ती आपण पाहिली आहे हें धाडणाऱ्यास तत्काळ कळतें. न पाहिल्याचें सोंगही करतां येत नाहीं!

उत्तरपत्रिकांचेंही तसेंच. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें लाखों उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धति एकदम आणली. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठे वाहणें नको, धूळ नको, बेरजेच्या चुका नकोत. परंतु जे तपासणार त्यांस पुरता सराव नाहीं, यंत्रणा सिद्ध नाहीं, अशा स्थितींत ती आणली, आणि निकाल कित्येक महिने लांबले. मुलांचे प्रवेश खोळंबले आणि कुलगुरूंस पद सोडावें लागलें. तपासणाऱ्यास आधीं विचारलें असतें तर त्यानें काय सांगितलें असतें, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

आतां त्या दुसऱ्या कागदाविषयीं. आमच्या याच शेजाऱ्यांची कन्या संगणकाच्या एका कंपनींत आहे. २०२० च्या साथींत लोकल बंद पडली, तेव्हां तिची कचेरी घरांत आली, आणि साथ गेली तरी आठवड्यांतले तीन दिवस ती घरांतच राहिली. जाण्यायेण्याचे तीन तास वाचले. ते कोठें गेले हें वाचकांनीं आतां ओळखलेंच असेल. ती जेवतांना एक कान मोकळा ठेवूनच जेवते. तिच्या कंपनीनें कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठीं नवी सोय केली आहे. सकाळीं काम उघडलें कीं पडद्यावर पांच चेहरे येतात, हंसऱ्यापासून रडव्यापर्यंत, आणि 'आज तुम्हांला कसें वाटतें' असा प्रश्न. चेहरा निवडल्याखेरीज पुढें जातां येत नाहीं. आम्हीं तिला विचारलें, "तूं कोणता निवडतेस?" ती हंसून म्हणाली, "मधला, काका. रडका दाबला तर समुपदेशनाचा फोन येतो, तो जेवणाच्या सुट्टीत. हसरा दाबला तर नवं काम येतं. मधल्याला कोणी काही विचारत नाही."

कामाची वेळ संपल्यावर वरिष्ठाचा निरोप न घेण्याचा हक्क फ्रान्सनें २०१७ पासून कायद्यांत मान्य केला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं तशा आशयाचें खाजगी विधेयक २०१८ सालीं लोकसभेंत मांडलें होतें. खाजगी विधेयकांचें सहसा जें होतें तेंच त्याचें झालें. उलट दिशेची गति अधिक दिसते. सप्टेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र मंत्रिमंडळानें आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवून कारखान्यांतल्या दिवसाची मर्यादा नवांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास संमति दिली. कामगाराची लेखी संमति हवी, अशी अट आहे. बारा हा आंकडा आमच्या ओळखीचा निघाला. १९११ सालीं तो वरून खालीं येतांना भेटला होता. १९२२ सालीं अकरा, १९३४ सालीं दहा, १९४८ च्या कायद्यांत नऊ, अशा पायऱ्या तो उतरत गेला. आतां तोच जिना चढतांना पुन्हा भेटला. लेखी संमति देणारा हात आणि ती मागणारा हात यांत कोणता बळकट, हें आमच्या शेजाऱ्यांस विचारलें तर ते नुसते हंसतात.

गेल्या महिन्यांत ते रविवारीं चहास आले होते. प्रशस्तिपत्राचा विषय निघाला, तेव्हां आम्हीं सहज विचारलें कीं, दुसरी एखादी सूचना केलीत कीं नाहीं. त्यांनीं आधीं दाराकडे पाहिलें. मग आवाज उतरवून म्हणाले कीं, एक सांपडली आहे. हत्यार कोणत्या हातांत घ्यावें आणि बोल्ट कोणत्या क्रमानें लावावे यांतला जरासा फेर; दर गाडीमागें तीन सेकंद निघतात. दिवाळीपासून ते तसेंच काम करतात. कोणाच्या लक्षांत आलेलें नाहीं. "त्या तीन सेकंदांत काय करतां?" आम्हीं विचारलें.

"काही नाही, सर. नुसता उभा राहतो."

तो क्रम त्यांनीं चहाच्या बशींत चमचा आणि चार बिस्किटें मांडून आम्हांस दाखविला. तो आम्ही येथें लिहीत नाहीं.